अकेडियन पूर्वजाचा शोध
(महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं चर्चच्या इमारतीची वाखाणणी पुष्कळ होते. तिच्या कपाटांतील बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें. तशा वह्या नसत्या, तर अकेडियन लोक आपल्या वाडवडिलांस कायमचे मुकले असते.

आजच्या कॅनडांतील नोव्हा स्कोशिया हा पूर्वीं अकेडिया नामक फ्रेंच वसाहतीचा मुख्य भाग होता. १७५५ सालीं इंग्रजांनीं तेथील कॅथलिक शेतकऱ्यांस देशोधडीस लावलें. ५ सप्टेंबर रोजीं ग्राँ-प्रे गांवीं कर्नल विन्स्लो यानें पुरुषांस व दहा वर्षांवरील मुलग्यांस चर्चमध्यें बोलाविलें. ४१८ जण आले आणि तेथेंच कैद झाले. त्याच्या यादींत पुरुषांचीं नांवें आहेत. मुलगे, मुली आणि गुरें यांची नुसती संख्या. बायकोचें नांव नाहीं. वंशाचा शोध घेणारा येथें अडतो.

त्यास वाट दाखवितात त्या धर्मगुरूंच्या वह्या. ग्राँ-प्रेच्या १७०७ ते १७४८ पर्यंतच्या वह्या त्या निर्वासितांनीं सोबत नेल्या. अखेर त्या लुइझियानांत पोंचल्या, आणि आज बॅटन रूज धर्मप्रांताच्या दफ्तरखान्यांत आहेत. घरदार सुटतांना ह्या लोकांनीं काय उचललें, हें पाहण्यासारखें आहे! ह्या नोंदींत विवाहित स्त्री माहेरच्या आडनांवानेंच लिहिलेली असते, म्हणून आईकडील वंशही सांपडतो.

त्याहून मागें जावयाचें तर १६७१ ची खानेसुमारी आहे. फादर मोलँ यांनीं ती घरोघर हिंडून केली. मेलांसों नामक शिंप्यानें आपलें वय व गुरें सांगण्याचें नाकारलें, आणि असल्या गोष्टींसाठीं रस्तोरस्तीं भटकतां, वेडे आहां काय, असें त्याच्या बायकोनें विचारलें. फादरांनीं तेंही लिहून ठेविलें. त्याच खानेसुमारींत बुर्ज्वा नामक पन्नास वर्षांचा शस्त्रवैद्य व त्याची चाळीस वर्षांची पत्नी जान त्राहां हीं आहेत. १६३६ सालीं फ्रान्सहून निघालेल्या ‘सें-जाँ’ जहाजाच्या यादींत गियोम त्राहां, त्याची पत्नी, दोन मुलें व एक नोकर असे आहेत. त्या दोन निनांवी मुलांपैकीं एक ही जान असावी असें मानतात.

जेथें वही नष्ट झाली, तेथें दुसरी एक नोंद कामास येते. जवळच्या नात्यांत विवाह करावयाचा तर चर्चची विशेष परवानगी लागे, आणि विवाहाच्या नोंदींत नात्याचा अंश लिहिला जाई. तिसरा अंश म्हणजे वधूवरांचे पणजोबा एक. चौथा म्हणजे खापरपणजोबा. अशा एका शब्दावरून संशोधकांनीं जळालेल्या वह्यांतील कुटुंबें पुन्हां जुळविलीं आहेत.

परंतु सर्वांत हृदयद्रावक दफ्तर बेल-ईल बेटाचें. ग्राँ-प्रे व आसपासचे कित्येक लोक प्रथम व्हर्जिनियास धाडले गेले. तेथें त्यांस ठेवून घेईनात, म्हणून १७५६ सालीं इंग्लंडांत कैदेंत पडले. पुष्कळ देवीच्या सांथींत मेले. उरलेल्यांपैकीं ७८ कुटुंबें १७६५ सालीं फ्रान्सच्या ह्या बेटावर वसलीं. १७६७ मध्यें त्यांस आपआपली वंशावळ शपथेवर सांगावयास बोलाविलें. हातीं वही नाहीं; तरी त्यांनीं फ्रान्सहून प्रथम आलेल्या पूर्वजापर्यंतचीं नांवें सांगितलीं. क्वचित् स्मरण चुकलेलें आहे. त्याचबरोबर, कोणता भाऊ मेरीलँडांत आहे, कोणती बहीण बोस्टनकडे नेली गेली, हेंही त्यांनीं लिहविलें.