फेरीबोटीवरची मुखपट्टी

रोग समुद्रमार्गें येतो, ही गोष्ट मुंबईस नवी नाहीं. १९१८ च्या जून महिन्यांत गोदीवर पहाऱ्यास असलेले कांहीं पोलीस शिपाई तापानें अंथरुणास खिळले, आणि पाहतां पाहतां इन्फ्लुएन्झा शहरभर पसरला.

२०२० सालीं करोनाची सांथ आली, तेव्हां महानगरपालिकेनें एप्रिलपासून घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकास मुखपट्टी सक्तीची केली. वर्सोवा-मढ किंवा बोरिवली-गोराई फेरीबोटीचा उतारूही त्या नियमांतून सुटला नाहीं. श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, खाडीवरच्या भणाणत्या वाऱ्यांत मुखपट्टी कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. मोकळ्या हवेंत संसर्गाचें भय कमी असतें. परंतु नावेंत खांद्यास खांदा लागतो, आणि धक्क्यावरची चढण्याउतरण्याची घाई तर विचारूंच नये!

शिवाय मढला जाणारा उतारू कांहीं मिनिटांत पलीकडे उतरून मोकळा होतो. तिकीट देणारा आणि सुकाणू धरणारा मात्र दिवसभर नव्या नव्या माणसांच्या श्वासांत उभा. नियमाचा खरा लाभ त्यांनाच व्हावयाचा होता, हें फार थोड्यांनीं ओळखलें. नाव सुटल्यावर एखाद्यानें पट्टी हनुवटीखालीं ओढली, तर तांडेलानें करावें काय? आगगाडीप्रमाणें पुढच्या स्टेशनावर उतरवण्याची सोय खाडींत नाहीं. रस्त्यावर २०० रुपये दंड घेणारा माणूस उभा असे. पाण्यावर भिडेखेरीज दुसरें शस्त्र नव्हतें. म्हणून पट्टी पाहावयाची ती धक्क्यावर, पाय नावेंत पडण्यापूर्वींच.

२ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्यास, राज्य सरकारनें ही सक्ती उठविली.