ग्रॅफीनवरचे उपरे अणू



पेन्सिलीने रेघ ओढली की ग्रॅफाइटचे पापुद्रे कागदाला चिकटतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांतला केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा आन्द्रे गाइम व कोन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टर येथे २००४ साली साध्या चिकटपट्टीने सोडवून दाखविला. त्याचे नाव ग्रॅफीन. २०१० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ग्रॅफीनचे कौतुक तेव्हापासून इतके झाले आहे की त्यात आम्ही भर घालीत नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते निराळेच: इतक्या निर्मळ वस्तूत मुद्दाम भेसळ का करावी?

इलेक्ट्रॉनाच्या अंगी विद्युत्भाराखेरीज स्पिन नावाचा गुण असतो. त्यास भोवऱ्याची उपमा देण्याची चाल आहे. ती कामचलाऊच, कारण इलेक्ट्रॉन खरोखर गरगर फिरत नाही. परंतु तो इवल्या लोहचुंबकासारखा वागतो, आणि मोजू गेल्यास 'वर' किंवा 'खाली' अशी दोनच उत्तरे देतो. या दोन उत्तरांवरच यंत्रे चालवावी, ही कल्पना. १९८८ साली आल्बेर फेर व पेटर ग्रुनबेर्ग यांनी चुंबकीय थरांत याचा प्रत्यय घेतला, आणि संगणकाच्या तबकड्या वाचण्याकडे त्याचा उपयोग झाला.

आता स्पिनाचा निरोप लांब न्यावयाचा, तर वाटेत त्याची दिशा विस्कटता कामा नये. कार्बन हलका आहे. हलक्या अणूंत इलेक्ट्रॉनाची गती आणि त्याचा स्पिन यांचे साटेलोटे फार थोडे. म्हणूनच ग्रोनिंगेन येथे २००७ साली ग्रॅफीनमध्ये, खोलीच्या तपमानात, स्पिनाची खूण दीड ते दोन मायक्रोमीटर टिकलेली दिसली. पण गंमत अशी की, जो गुण स्पिनाला विस्कटू देत नाही, तोच त्याला वळवूही देत नाही! साटेलोटे नाही, तर विजेच्या दाबाने त्याचे तोंड फिरविण्याची किल्लीही नाही.

म्हणून उपरे अणू. यांतला सर्वांत साधा हायड्रोजन. ग्रॅफीनमधील प्रत्येक कार्बनाचे तीन हात शेजाऱ्यांत गुंतलेले असतात. चौथा सर्वांच्या सामाईक व्यवहारात. हायड्रोजन हा चौथा हात धरतो. त्यासरशी तो कार्बन पातळीतून किंचित वर उचलला जातो, आणि सामाईक व्यवहारात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरतो. तो चुंबकत्व आणतो. ग्रॅफीनमधील कार्बन दोन गटांत पडतात. एका गटातल्याचे तिन्ही शेजारी दुसऱ्या गटातले. माद्रिदच्या संशोधकांनी २०१६ साली सूक्ष्म सुईच्या टोकाने एकेक हायड्रोजन हलवून दाखविले की, दोघे एकाच गटावर बसले तर चुंबकत्वाची भर पडते, भिन्न गटांवर बसले तर ते नाहीसे होते. एका अणूची जागा बदलून चुंबक चालू-बंद करणे, हा प्रयोग आम्हांस या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो.

किल्लीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. २०१३ साली सिंगापूरहून बातमी आली की थोड्याशा हायड्रोजनाने ते साटेलोटे सुमारे हजारपट वाढते. पुरावा म्हणून, प्रवाहापासून दूरच्या तारांवर उमटणारा विजेचा दाब दाखविला होता. ग्रोनिंगेनच्या मंडळींनी २०१५ साली तसाच दाब मोजला, पण ग्रॅफीनच्या पातळीत चुंबकीय क्षेत्र लावताच तो बदलेना. स्पिन असते तर ते डगमगले असते, दाबही खालीवर झाला असता. तेव्हा त्या दाबाचे कारण निराळे असावे. आम्हांस ही कसोटी अधिक पटते. दाब दिसला एवढ्यावरून तो कोणी आणला हे ठरत नाही.

इंडियम, थॅलियम यांसारख्या जड अणूंविषयी २०११ साली गणिताने मोठी आशा दाखविली होती. इंडियम शिंपडून केलेल्या प्रयोगांत तिची खूण सापडली नाही. अलीकडे कित्येक प्रयोगशाळा उपऱ्या अणूंऐवजी टंगस्टन डायसल्फाइडचा पातळ थर ग्रॅफीनला टेकवतात. जड शेजाऱ्याचे साटेलोटे त्यात उतरते, आणि षट्कोनांची वीण जागच्या जागी राहते. अर्थात तेथे स्पिन वळतो खरा, पण लौकरच विसरतोही.