अळ्यांची खिंड

आज पडद्यावर चित्रं नाहीत, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आम्ही दोघं ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन आलो. पण ज्या चित्रांबद्दल बोलायचं आहे, त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

गावापासून पूर्वेला साधारण १० किलोमीटरवर एमिली गॅप नावाची खिंड आहे. तिथले मूळ रहिवासी अरंडा लोक. तांबड्या खडकाची डोंगररांग मधेच तुटलेली, खाली नदीची कोरडी वाळू, आणि पलीकडच्या कातळावर तांबडे-पांढरे उभे पट्टे. हे पट्टे म्हणजे अळ्या! सृष्टीच्या आरंभी अळ्यांच्या रूपातले पूर्वज इथूनच निघाले आणि ही खिंड, गावाभोवतीचे डोंगर त्यांनीच घडवले, अशी अरंडांची श्रद्धा. त्यांतली एक अळी येपरेन्ये, म्हणजे 'येपे' वेलीवरची. ही वेल आपल्या घेटुळीची, पुनर्नवेची, सख्खी बहीण. घेटुळीची भाजी खात वाढलेले आम्ही, हे कळल्यावर त्या वाळूत उगाचच वेल शोधत बसलो.

इंदूरकरांना भीमबेटका नवीन नाही. १९५७ साली डॉ. वि. श्री. वाकणकरांना ती गुंफाचित्रं सापडली. आज आपण तिथे सहली नेतो, खुशाल फोटो काढतो. चित्रं काढणारे गेले, त्यांच्या गोष्टीही गेल्या, मग विचारायचं कुणाला? एमिली गॅपचे वारस मात्र हयात आहेत, गावातल्या दुकानात आपल्याच रांगेत उभे असतात. गोष्ट ते सांगतात, पण सांगण्यापुरतीच. काही भाग फक्त पुरुषांचा, काही फक्त बायकांचा.

त्याआधी आम्ही उलुरूला गेलो होतो. त्या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी काही जागी फोटो काढू नका, अशा पाट्या आहेत. त्या डोक्यात होत्या, म्हणून खिंडीत मोबाईल खिशातच राहिला. खरं सांगायचं तर त्यावरून आमच्यात वादही झाला. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं?

मग धरणाची हकिकत वाचली. गावाच्या उत्तरेला टॉड नदीवर पूर अडवणारं धरण व्हायचं होतं. त्यात अरंडा बायकांचं एक पवित्र ठिकाण बुडणार होतं. ते पवित्र का, हे सांगायचं तर गुपित फुटणार. न सांगावं तर ठिकाण जाणार. शेवटी त्यांना मनाविरुद्ध परक्यांपुढे काही गोष्टी उघड कराव्या लागल्या. १९९२ साली केंद्र सरकारने ते धरण २० वर्षांसाठी थांबवलं.

हे वाचल्यावर आमचा वाद मिटला. पट्टे केवढे होते ते हात पसरून दाखवू, चहाच्या वेळी विचारा.