दाढदुखी आणि हजेरीपट

दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपली जुनी तक्रार आहे. नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत तिला आणखी एक कलम जोडावे लागते. त्याच्यापाशी दात आहेत, थोडेफार चणेही आहेत. नाही ती सकाळची वेळ. सरकारी खर्चाने होणाऱ्या दंतोपचारासंबंधी आज मला जे सांगावयाचे आहे, ते मुख्यतः या शेवटच्या कलमाविषयी.

आमच्या कार्यालयाची मोटार चालविणारे एक गृहस्थ कंत्राटदारामार्फत नेमलेले आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांची दाढ ठणकू लागली. महिनाभर त्यांनी लवंगेच्या तेलाचा बोळा आणि औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी यांवर निभावून नेले. मग एके दिवशी गाल सुजवून आले, आणि दुसऱ्या दिवशी दाढ काढूनच आले. मी म्हणालो, "अहो, हल्ली दाढ वाचविता येते. काढलीत कशाला?" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, वाचवायची तर चार वेळा या म्हणाले. काढायची तर आत्ताच बसा म्हणाले."

मला उत्तर सुचले नाही. प्रश्न पैशाचा नव्हता. कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी त्यांच्या वेतनातून दरमहा कापली जाते. १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेली ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा ठरला. एवढ्या वर्गणीत उपचार मिळतात. परंतु आजारपणात वेतनाऐवजी जो भत्ता मिळतो, तो आजाराचे पहिले दोन दिवस सोडून, असा मूळ कायद्यापासून चालत आलेला नियम आहे. तापाने अंथरूण धरलेल्या माणसासाठी तो कदाचित ठीक असेल. दाढेचा रुग्ण मात्र एकेक सकाळ मागतो, आणि ती एकेक सकाळ त्याच्याच खिशातून जाते. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी १९५४ साली दिल्लीत जी आरोग्य योजना सुरू झाली, तिचा लाभ मी स्वतः घेतो. आणि दाढेपायी मला आजवर वेतनाचा हिशेब करावा लागलेला नाही, हे येथेच कबूल करतो.

२०१८ साली आलेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचा आधार देऊ लागली, परंतु तो रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी. दाढ भरणे किंवा तिच्या मुळाचे उपचार करणे यांस खाट लागत नाही, म्हणून ते बाहेर राहिले. दातदुखीचा रोगी आडवा पडत नाही, हाच जणू त्याचा अपराध!

मग जावे कोठे? माझ्या मते, सरकारी वा महापालिकेच्या दंत महाविद्यालयात. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास असे पहिले महाविद्यालय काढले. मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे. दिल्लीस मौलाना आझाद यांच्या नावाची संस्था आहे. येथे अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. हात सावकाश चालतो, परंतु प्रत्येक पायरी कोणीतरी जाणता तपासतो. खाजगी दवाखान्याच्या मानाने खर्च फारच थोडा. मात्र सकाळी केसपेपर काढावयाचा, तपासणी, मग क्ष-किरण चित्र, मग तारीख. आणि केसपेपरची खिडकी बहुधा दुपारपूर्वीच मिटते. म्हणजे जी वेळ कारखान्याची, कचेरीची, तीच दाताच्या वैद्याची!

त्यात कीड मोठी कावेबाज. आरंभी ती दुखतच नाही. वरच्या कठीण कवचात असताना गाठली, तर एका खेपेत खड्डा भरून निघतो. आतल्या मगजापर्यंत पोचली, की रात्रीची झोप उडते. मग मुळांतील बारीक नलिका साफ करा, औषध भरा, वर टोपी बसवा, अशा चार खेपा होतात. काढून टाकणे पुन्हा एका खेपेचे काम. परंतु मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलू लागतात, समोरचा दात आपल्या जागेवरून पुढे सरकतो, फटीत अन्न अडकते, आणि दुसऱ्या किडीची सोय होते.

चालकांची सकाळ कोणाच्या ताब्यात होती, याचा मी विचार करू लागलो, आणि माझ्याच दारात येऊन थांबलो. साडेनऊला मला कचेरीत पोचवावयाचे, म्हणून ते आठपासून माझ्या फाटकापाशी उभे असत. महिनाभर मी त्यांच्या मागे बसून वर्तमानपत्र वाचले, आणि त्यांचा हात वरचेवर गालाकडे जात होता हे मला दिसले नाही.

पुढे तपासणीत त्यांच्या दुसऱ्या बाजूच्या दाढेतही खोल कीड निघाली. या वेळी मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: पहिल्याच दिवशी साऱ्या तारखा लिहून मागा, आणि प्रत्येक खेपेस हजर असल्याची चिठ्ठी घ्या. चार मंगळवार ठरले. त्या दिवशी मी बसने जातो. थोडा उशीर होतो, पण सरकार कोसळलेले नाही. तीन खेपा झाल्या आहेत. दुसऱ्या मंगळवारी चिठ्ठी असूनही कंत्राटदाराने हजेरीपटावर गैरहजेरी मांडली. ती खोडण्याविषयीचा माझा कागद अद्याप या मेजावरून त्या मेजावर फिरतो आहे.