शस्त्रविद्या आणि विवेक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



आम्ही शास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर मुलांना धडे दिले, एवढीच आमची पुंजी. परंतु आज ज्यांचा गौरव झाला, त्यांची यादी वाचली तेव्हा एक विचार मनात आला. यांतील निम्म्याहून अधिक मुलेमुली रसायन, यंत्रशास्त्र व संगणक या विद्यांकडे वळलेली आहेत. उद्या यांतील काहींच्या बुद्धीचा उपयोग शस्त्रे घडविण्याकडे होईल. ज्ञातीला त्याचा अभिमानच वाटेल, आणि वाटावा. पण त्या अभिमानाबरोबर एक सावधगिरीचा शब्दही वडिलधाऱ्यांनी त्यांच्या पदरी घालावयास हवा.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करतो. देशरक्षणासाठी शस्त्र धरू नये, असा उपदेश करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. सीमेवर कोणी जागा राहतो म्हणूनच आपण आज येथे निर्धास्त बसलो आहोत. आमची शंका शिपायाविषयी नाही. शस्त्र जसजसे अधिक समर्थ होत जाते तसतसा माणसाचा विवेक त्यातून बाजूला सारला जातो, याची आम्हांस भीती वाटते.

आपल्या पूर्वजांना ही भीती ठाऊक होती. कुरुक्षेत्रावर युद्ध जुंपण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी नियम ठरविले होते : रथीने रथीशी लढावे, शस्त्र टाकलेल्यावर व पाठ फिरविलेल्यावर वार करू नये, सारथ्यावर आणि भेरी वाजविणाऱ्यावर प्रहार करू नये. ते नियम पुढे मोडले गेले, हे खरे; परंतु मोडणाऱ्यास आपण अधर्म केला हे कळत तरी होते. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. रयतेच्या काडीलाही हात लावू नका, अशी ताकीद त्यात आहे. त्याच पत्रात महाराज आणखी एक बारीक गोष्ट बजावतात. रात्री दिवे तसेच ठेवू नका. एखादा उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि गवताच्या गंजी जळून जातील. राज्य उभारणारा पुरुष उंदराचा आणि वातीचा विचार करतो! हा उंदीर आपण ध्यानात ठेवू. त्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

आता एका थोर रसायनशास्त्रज्ञाची कथा सांगतो. जर्मनीतील फ्रिट्झ हाबर यांचा जन्म १८६८ सालचा. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची रीत त्यांनी शोधली. आज आपला शेतकरी जो युरिया शेतात टाकतो, त्याचे मूळ या शोधात आहे. कोट्यवधींच्या मुखी घास घालणारा हा माणूस. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी आपली विद्या राष्ट्राच्या चरणी वाहिली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ त्यांच्या देखरेखीखाली सुमारे १५० टन क्लोरीन वायू वाऱ्याबरोबर सोडण्यात आला. सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या आघाडीवर तो पिवळट-हिरवा ढग जमिनीलगत सरकत गेला आणि खंदकांतील माणसे गुदमरून कोसळली. चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, लाहोर डिव्हिजनमधील आपल्या हिंदी शिपायांनाही त्या वायूला तोंड द्यावे लागले. जमादार मीर दस्त यांनी त्या दिवशी दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हाबर यांच्या पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्राच्या डॉक्टर होत्या. २ मे १९१५ रोजी त्यांनी पतीच्याच पिस्तुलाने आपले जीवन संपविले. त्यामागे एकच कारण होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु त्या मृत्यूची छाया या शोधावरून कधीच हटली नाही. पुढे हाबर यांना अमोनियाच्या शोधाबद्दल १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. हाबर जन्माने ज्यू होते. ज्या देशासाठी त्यांनी एवढे केले, तो देश त्यांना सोडावा लागला, आणि १९३४ साली परमुलखात बासेल येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या संस्थेत कीटकनाशक म्हणून ज्या विषारी वायूचे काम झाले, त्याच्याच पुढील रूपाने नाझींनी छळछावण्यांत लाखो ज्यूंचे प्राण घेतले. ते पाहण्यास हाबर जिवंत नव्हते. परंतु आपली विद्या आपल्या हातून सुटली की ती कोणाच्या दारी जाईल हे विद्यावंतास सांगता येत नाही, एवढा बोध आपण घेण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. तलवारीने लढणाऱ्यास शत्रूचे डोळे दिसत. तोफ आली आणि डोळे दिसेनासे झाले. विमान आले आणि माणूसच दिसेनासा झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर एक बाँब पडला, आणि त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शाळकरी मुले होती, बाळंतिणी होत्या, दवाखान्यातील रोगी होते. एवढ्या उंचीवरून शिपाई आणि शाळकरी पोर यांत भेद करता येत नाही. आज तर हजारो मैल दूर, थंड खोलीत पडद्यासमोर बसून माणूस मारता येतो आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलांबरोबर जेवता येते. ज्याला आपल्या कृतीचे फळ दिसत नाही, त्याच्या हृदयाला पाझर कसा फुटावा?

मात्र त्या अणुबाँबच्या इतिहासातही विवेक अगदीच मूक नव्हता. जोसेफ रोटब्लाट नावाचे शास्त्रज्ञ त्या कामात होते. जर्मनी असा बाँब बनवीत नाही हे कळताच १९४४ च्या अखेरीस त्यांनी ते काम सोडले. पुढे अण्वस्त्रांविरुद्ध आयुष्य वेचल्याबद्दल १९९५ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. ज्यांच्या विचारातून बाँबची कल्पना निघाली, त्या लिओ झिलार्ड यांनी जुलै १९४५ मध्ये त्याच्या वापराविरुद्ध अर्ज लिहिला आणि त्यावर सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्या झाल्या. अर्ज निष्फळ ठरला. तथापि सह्या करणाऱ्यांनी आपला धर्म पाळला, यात संशय नाही.

तिसरी गोष्ट घाईची. आणि येथे तो उंदीर परत येतो. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर रशियातील एका टेहळणी केंद्रावर स्टानिस्लाव्ह पेट्रोव्ह नावाचा अधिकारी पहाऱ्यावर होता. यंत्राने धोक्याची सूचना दिली : अमेरिकेहून एक क्षेपणास्त्र निघाले आहे. मग दुसरे, तिसरे, अशी पाच. वरिष्ठांना कळवावयास मिनिटेच हाती होती. पेट्रोव्ह यांनी विचार केला : खरा हल्ला करणारा केवळ पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? त्यांनी ती सूचना खोटी असल्याचे कळविले. ती खोटीच होती. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्र फसले होते. हीच ती वात, आणि हाच तो उंदीर! त्या रात्री जगाची गंजी जळाली नाही, ती एका माणसाला शंका आली म्हणून.

आता अशी शस्त्रे येत आहेत, की ज्यांत लक्ष्य कोणते आणि वार केव्हा, हे यंत्रच ठरवील. त्या यंत्राला पेट्रोव्हची शंका कोठून येणार? आणि चूक झालीच, तर जाब कोणाला विचारावयाचा? बनविणाऱ्याला, विकणाऱ्याला, की कळ दाबून दूर झालेल्याला? पापाचे वाटेकरी इतके, की शेवटी कोणाच्याच वाट्याला काही येत नाही.

यावर तरुण मंडळी म्हणतील, "गुरुजी, शत्रू बनवील आणि आपण स्वस्थ बसावे काय? शिवाय यंत्रामुळे आपल्याच जवानांचे प्राण वाचतील." हा आक्षेप खोटा नाही, आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. परंतु आवर घालणे अशक्य असते, तर विषारी वायूला आवर पडलाच नसता. १९२५ च्या जिनिव्हा कराराने त्याचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला. १९९३ च्या कराराने तो बनविणे व साठविणेही निषिद्ध झाले. भारताने १९९६ साली त्यास मान्यता दिली आणि २००९ साली आपला जाहीर केलेला साठा पूर्णपणे नष्ट केला. त्यामुळे आपण दुबळे झालो नाही. करार मोडणारे निघाले, हेही खरे. पण आज तसे करणारा जगापुढे गुन्हेगार म्हणून उभा राहतो. दुःख एवढेच, की ईप्रपासून त्या करारापर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली. पुढच्या शस्त्राच्या बाबतीत इतका अवधी मिळेल, असा भरवसा कोणी द्यावा?

विद्यार्थिमित्रांनो, सौप्तिक पर्वातील तो प्रसंग आठवा. अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले, अर्जुनानेही सोडले. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले व दोघांस म्हणाले, अस्त्रे आवरा. अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्याला ते साधेना; त्याने ते उत्तरेच्या गर्भावर टाकले. दोघांचे गुरू एकच, विद्या तीच. एकाला ती सोडता येत होती आणि आवरताही येत होती. दुसऱ्याला केवळ सोडता येत होती. अर्जुन आणि अश्वत्थामा यांत अंतर एवढेच.

म्हणून उद्या तुमच्या हाती असे काम आले, तर तीन प्रश्न अवश्य विचारा. हे एकदा सोडल्यावर परत घेता येईल काय? शिपाई आणि लेकरू यांतील भेद याला कळेल काय? आणि चूक झाली तर उत्तर देण्यास कोणी माणूस उभा राहील काय? उत्तर नकारार्थी आले, तर तसे वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य ठेवा. त्यात बढती कदाचित हुकेल. परंतु आज येथे ज्या आईवडिलांच्या डोळ्यांत तुमच्यासाठी आनंदाश्रू आले, त्यांच्यापुढे मान ताठ ठेवून उभे राहता येईल.