मोहाच्या झाडाखालची बालवाडी



चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात अनेक बालकांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते. अंगणवाडीत मात्र मराठी कानी पडते. तीन-चार वर्षांचे मूल गप्प बसते आणि त्या मौनाला मंदपणा समजले जाते. दोष मुलाचा नव्हे. भाषा आणि विषय दोन्ही त्याला परके असतात.

या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कृतीने दिले. 1945 साली बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या वारली वस्त्यांत त्यांनी बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. बिया, पाने, शंख-शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते.

तोच मार्ग येथे मोहाच्या झाडाखाली जातो. फाल्गुन-चैत्रात पहाटे अवघे कुटुंब मोहफुले वेचावयास निघते. तोच आठवड्याचा विषय व्हावा. फुले पाच-पाच मोजावीत, लहान-मोठी निवडावीत, गंध ओळखावा, पानांचे द्रोण करावेत, मोहासाठी येणाऱ्या अस्वलाची चाल चालून दाखवावी. गणित, भाषा, व्यायाम सारे त्यात आले.

मात्र फुलाचे नाव प्रथम मुलाने आपल्या बोलीत सांगावे, सेविकेने ते उच्चारावे. मराठी शब्द त्यानंतर यावा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही मातृभाषेचा आग्रह धरला आहे. ज्याच्या शब्दाला शाळेत मान मिळतो, ते मूल शाळेचा शब्दही आनंदाने स्वीकारते.