पुन्हां फटफटीवर

मोटरसायकलीसारख्या तरुणांच्या वाहनाविषयीं एका पेन्शनर शाळामास्तरानें बोलावें, यांत कित्येकांना विसंगति वाटेल. परंतु गेल्या कांहीं वर्षांत माझ्या वयाच्या गृहस्थांमध्यें एक नवीच हौस दिसूं लागली आहे. मुलांचीं लग्नें झालेलीं असतात, फंडाचे पैसे हातीं आलेले असतात, आणि पंधरा-वीस वर्षांत ज्यानें हॅंडलला हात लावलेला नाहीं असा गृहस्थ एके दिवशीं साडेतीनशें किंवा साडेसहाशें सी.सी.ची धिप्पाड गाडी दारांत आणून उभी करतो. शेजारी कौतुक करतात, नातवंडें टाळ्या पिटतात, आणि स्वयंपाकघरांत मात्र कोणीतरी अबोल झालेलें असतें. मी याच वर्गांतला एक आहें. या हौसेंत आनंद किती, धोका किती, आणि तो धोका कमी करावयाचा तर काय केलें पाहिजे, यासंबंधीं आज चार शब्द आपल्यापुढें मांडणार आहें.

माझें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें शिक्षकी पेशाचें शिक्षण घेऊन मीं सातारा जिल्ह्यांत मराठी शाळेवर नोकरी केली. १९९० सालीं घेतलेल्या शंभर सी.सी.च्या गाडीवरून बारा वर्षें मी शाळेस जा-ये करीत असें. पुढें बदली राहत्या गांवींच झाली, गाडी विकली, आणि वीस वर्षें पायीं व एस.टी.नें निभावलें. २०२३ सालीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, मीं साडेतीनशें सी.सी.ची मोटरसायकल घेतली.

प्रथम या दोन वाहनांतील अंतर लक्षांत घेऊं. १९८५ सालीं आपल्याकडे आलेल्या हीरो होंडाच्या सी.डी. १०० या गाडीचें इंजिन ९७ सी.सी.चें, आणि शक्ति सुमारें ७ अश्वशक्ति. आजची रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घ्या: इंजिन ३४९ सी.सी.चें, शक्ति सुमारें २० अश्वशक्ति, आणि वजन १९५ किलो. २०१८ सालीं निघालेली याच कंपनीची इंटरसेप्टर तर ४७ अश्वशक्तीची. म्हणजे ज्याचा हात सात घोड्यांना सरावलेला, त्याच्या हातीं एकदम वीस किंवा सत्तेचाळीस घोड्यांचे लगाम येतात.

लोकांस वाटतें कीं धोका त्या घोड्यांत आहे. माझा अनुभव असा कीं पहिली परीक्षा वेगाची नसून वजनाची असते, आणि ती रस्त्यावर नव्हे, तर आपल्याच अंगणांत होते. गाडी सरळ उभी असेल तोंवर तिचें वजन चाकांवर असतें, हाताला तें जाणवत नाहीं. परंतु ती थोडी कलली कीं भार आपल्या पायावर येऊं लागतो, आणि एका मर्यादेपुढें तो कोणाच्याहि पायाला पेलत नाहीं. लहान गाडी मांडीच्या जोरावर सावरतां येत असे. मोठी गाडी सावरण्याची वेळच येऊं देतां कामा नये. म्हणून उतारावर तोंड खालीं करून ती उभी करूं नये, कारण परत मागें ओढणें एकट्याचें काम नव्हे. अगदीं मंद गतीनें वळतांना हॅंडल वळलेलें असतां पुढचा ब्रेक दाबूं नये. क्लच अर्धवट सोडून आणि मागच्या ब्रेकवर पाय हलकेच ठेवून गाडी तोलावी. नजर चाकाजवळच्या जमिनीवर न ठेवतां जेथें जावयाचें तेथें ठेवावी. रिकाम्या मैदानांत दोन विटा ठेवून त्यांभोंवतीं आठाचा आंकडा काढण्याचा अभ्यास मीं महिनाभर केला. त्याचा उपयोग शंभर मैलांच्या प्रवासापेक्षां अधिक झाला.

दुसरी परीक्षा स्मरणशक्तीची. आपण म्हणतों, सायकल चालविणें आणि पोहणें एकदां आलें कीं विसरत नाहीं. तें खरें आहे, आणि नेमकी अडचण तीच आहे. पायांना आठवतें तें जुन्या गाडीचें असतें. आमच्या शंभर सी.सी.च्या गाडीला चार गिअर होते आणि चारहि पुढें दाबून पडत. आजच्या बहुतेक गाड्यांत पहिला गिअर खालीं दाबून आणि बाकीचे वर उचलून घालावयाचे असतात. म्हणजे ज्या दाबानें पूर्वीं वरचा गिअर पडे, त्याच दाबानें आतां खालचा पडतो. भर वेगांत तसें झालें तर इंजिन एकदम गाडीला ओढून धरतें आणि मागचें चाक घसटूं लागतें. ज्यांनीं जुनी बुलेट चालविली त्यांची गोष्ट आणखीच निराळी, कारण तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. डोकें शांत असतांना मनुष्य हें सारें ध्यानांत ठेवतो, परंतु गाडीसमोर अचानक म्हैस आली कीं पाय वीस वर्षांपूर्वींची आज्ञा पाळतो. यावर उपाय पाढे पाठ करण्यासारखाच आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, रोज दहा मिनिटें हातापायांना नवें वळण लावावें. मुलांना पाढे घोकावयास लावणाऱ्या मास्तरानें स्वतः घोकण्याचा कंटाळा करणें शोभत नाहीं.

तिसरी गोष्ट ब्रेकची. आमच्या पिढीला 'पुढचा ब्रेक दाबूं नकोस, तोंडावर पडशील' अशी ताकीद मिळालेली असे. पदार्थविज्ञान निराळें सांगतें. गाडी थांबूं लागली कीं भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचें चाक हलकें होतें. त्यामुळें थांबविण्याचें मुख्य काम पुढच्याच चाकाला करतां येतें. मात्र तो ब्रेक झटक्यानें न दाबतां, लिंबू पिळावें तसा क्रमाक्रमानें दाबावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशांत १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचें झालें. चाक जाम होऊं लागलें कीं हें साधन ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हां लावतें. हा मोठाच आधार आहे. परंतु खडी पसरलेल्या वळणावर, अथवा मुळांतच वेग अवाजवी असेल तेथें, कोणतेंहि यंत्र चमत्कार करीत नाहीं.

वेगासंबंधीं थोडें अंकगणित सांगतों. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते, ताशीं ८० वेगानें जाणारी २२ मीटर. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद गेला असें धरा. पुढें थांबण्याचें अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. चाळिसाला दहा मीटर लागत असतील तर ऐंशीला चाळीस लागतात. एकूण हिशेब २१ मीटरांचा ६२ मीटर होतो. वेग दुप्पट झाला, अंतर जवळजवळ तिप्पट. आणि येथेंच मोठ्या गाडीचा खरा मोह आहे. आमची लहान गाडी साठाला थरथरूं लागे, सत्तरीला ओरडे. ती स्वतःच पंतोजीसारखी छडी उगारी. मोठी गाडी ऐंशीलाहि संथ, गंभीर आवाजांत चालते, म्हणून कांट्याकडे पाहिल्यावांचून वेग कळत नाहीं.

हें सारें केवळ एका मास्तराचें भय नव्हे. अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखालीं लॉस एंजलिस भागांतील ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली, व तिचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. अपघातांत सांपडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांना, अपघात झालेल्या त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पांच महिन्यांहून कमी होता. मोटरसायकलीचा त्यांचा एकूण अनुभव मात्र जवळजवळ तीन वर्षांचा होता. त्यावरून मी इतकाच बोध घेतों कीं जुना अनुभव नव्या गाडीवर जसाच्या तसा चालत नाहीं, आणि पहिले पांच-सहा महिने आपण शिकाऊच आहों असें समजावें.

ब्रिटनमध्यें हें तत्त्व कायद्यांतच आहे. तेथें १२५ सी.सी.पर्यंतच्या गाडीचा परवाना निराळा, मध्यम शक्तीच्या गाडीचा निराळा, आणि मोठ्या गाडीचा निराळा. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलीचा परवाना एकच. शंभर सी.सी.वर परीक्षा दिलेल्यास दुसऱ्या दिवशीं हजार सी.सी.ची गाडी चालविण्यास कायदा आडवा येत नाहीं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचें नूतनीकरण पांच-पांच वर्षांपुरतें होतें, आणि डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. परंतु तो दाखला तुमची गाडी किती जड आहे हें विचारीत नाहीं. म्हणून जें सरकार विचारीत नाहीं तें घरांत कोणीतरी विचारलें पाहिजे.

माझ्या घरीं तें सौ.नें विचारलें. गाडीची किंमत, तिचा रंग, तिचें मायलेज यांतलें कांहींच तिनें विचारलें नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "अहो, घाटांत एकटे असतांना ही आडवी झाली, तर तुम्हांला उचलतां येईल का?" या प्रश्नाला फुशारकीचें उत्तर देतां आलें नसतें. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकच्या शेडांत जुनी गादी पसरून गाडी तिच्यावर आडवी केली. त्यानें रीत दाखविली: वाकून हातांनीं उचलावयाचें नाहीं, गाडीकडे पाठ करावी, कंबर सीटला टेकवावी, एका हातानें हॅंडल व दुसऱ्यानें मागची दांडी धरावी, आणि पायांच्या जोरानें लहान लहान पावलें मागें टाकावीं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधीं साइड स्टँड उघडून ठेवावा, नाहींतर ती पलीकडे कोसळते. दुसऱ्या प्रयत्नांत गाडी उभी राहिली. सौ. शेडाच्या दारांतून पाहत होती. त्या दिवशीं आमच्यांत असें ठरलें कीं दरवर्षीं माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यांत हीच परीक्षा त्याच शेडांत घ्यावयाची, आणि ज्या वर्षीं गाडी उचलली जाणार नाहीं त्या वर्षीं ती विकून लहान घ्यावयाची. त्यावर वाद नाहीं, पुरवणी परीक्षा नाहीं.

या कराराला आणखी कलमें आहेत. समोरून येणाऱ्या दिव्यांनीं वाढत्या वयांत डोळे अधिक दिपतात आणि सावरावयास वेळ लागतो, म्हणून सूर्यास्तानंतर गाडी काढावयाची नाहीं. मान पूर्वींइतकी वळत नाहीं, म्हणून दोन्ही आरसे रोज निघण्यापूर्वीं तपासावयाचे. हेल्मेट गल्लीच्या टोंकाला जातांनाहि घालावयाचें. सासवडच्या वाटेवरील दिवे घाटांत मी पहिल्यानें गेलों तो गाडी घेतल्यावर सातव्या महिन्यांत, रविवारीं सकाळीं, वाहतूक सुरू होण्यापूर्वीं.

मग इतक्या अटींत आनंद तो काय उरला, असें कोणी विचारील. श्रोतेहो, निवृत्त मनुष्याला नवें शिकावयाचे प्रसंग फार थोडे येतात. त्याला सारे मान देतात, आणि चुका कोणी दाखवीत नाहीं. ही गाडी मान देत नाहीं. क्लच बेताल सुटला तर ती जागच्या जागीं सांगते. चाळीस वर्षें दुसऱ्यांना शिकविल्यावर पुन्हां विद्यार्थी होण्याचें हें सुख मला शंभर मैलांच्या वाऱ्याहून मोठें वाटतें. ज्यांच्या घरीं असा गृहस्थ असेल त्यांना माझी विनंति एवढीच: त्याला एकदम मना करूं नका, आणि नुसतें कौतुकहि करूं नका. सौ.नें मला विचारला तो प्रश्न त्याला विचारा, आणि उत्तर तोंडानें न घेतां गादी पसरून घ्या.